बेटावरून घराकडे

न्यूयॉर्क शहरांत, ब्रॉन्क्स नांवाच्या भागासमोर, ईस्ट रिव्हरच्या पाण्यांत नॉर्थ ब्रदर नांवाचें एक बेट आहे. बेट कसलें, वीसएक एकरांचा तुकडाच तो. आज तेथें मनुष्यवस्ती नाहीं. पक्ष्यांसाठीं तें राखून ठेविलें आहे, आणि जुन्या इमारतींवर वेली चढून त्यांचीं छपरें खालीं येत आहेत. परंतु १८८५ च्या सुमारापासून पुढें पाऊणशें वर्षें या तुकड्यानें शहराची एक ठराविक सेवा केली. शहराला ज्याची भीति वाटे त्याला येथें आणून ठेवीत. देवीचे रोगी आले, विषमज्वराचे आले, क्षयाचे आले. मेरी मॅलन नांवाची एक आयरिश स्वयंपाकीण होती. ती स्वतः धडधाकट, पण तिच्या हातचें खाणाऱ्यांना विषमज्वर होई. १९०७ मध्यें तिला येथें आणलें, तीन वर्षांनीं सोडलें, १९१५ मध्यें पुन्हां आणलें, आणि १९३८ मध्यें ती या बेटावरच वारली.

१९५२ च्या जुलै महिन्यांत या बेटावरील रिव्हरसाइड रुग्णालयांत निराळेच रोगी येऊं लागले. सोळा, सतरा, अठरा वर्षांचे ते मुलगे आणि त्या मुली होत्या. एकवीस वर्षांखालील कोणालाही तेथें प्रवेश असे. त्यांना ताप नव्हता कीं अंगावर फोड नव्हते. त्यांना हेरॉइनचें व्यसन होतें. शहरानें त्यांच्यासाठींही तोच उपाय योजला, जो त्यानें देवीसाठीं योजला होता. मध्यें पाणी ठेविलें.

आज मला या मुलांची हकीकत सांगावयाची आहे, आणि त्यांच्यामागून आलेल्या मुलांचीही. कारण पुढच्या चाळीस वर्षांत वैद्यकानें हळूहळू, पुष्कळ चुकत, एक उलटा प्रवास केला. मुलाला घरापासून दूर नेण्याऐवजीं त्याला घरींच राहूं द्यावें, आठवड्यांतून एकदोनदां दवाखान्यांत बोलवावें, आणि त्याच्याबरोबर आईबापांनाही बोलवावें, येथवर तो येऊन पोंचला. सांगण्यास हें सोपें आहे. करण्यास तें किती जड गेलें, हाच या इतिहासाचा विषय.

व्यसन आणि घर यांचा संबंध कांहीं विसाव्या शतकाच्या मध्यावर जुळलेला नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेंतील सुखवस्तु घरांतून 'मिसेस विन्स्लोचें सूदिंग सिरप' नांवाचें औषध रडणाऱ्या बाळांना पाजीत. त्यांत मॉर्फीन असे. १९०६ च्या कायद्यानें अमेरिकेंत असल्या बाटल्यांवर आंतील विषाचें नांव छापणें भाग पडलें, तेव्हां कित्येक मातांना आपण काय पाजीत होतों याचा पत्ता लागला. आणि हंसण्याचें कारण नाहीं, आपल्या मुंबईंतही गिरणगांवच्या चाळींतून बाळागोळी चालत होती. तींत अफू असे. आई सकाळीं गिरणींत जाई, तें मूल दिवसभर निपचित पडावें म्हणून त्याला ती गोळी देत. या गोळीविरुद्ध लिहिणाऱ्या भल्या लोकांनीं आईच्या अज्ञानाला दोष दिला. दहा दहा तास आई साच्यावर उभी असतां मूल कोणाच्या ओटींत असावें, हा प्रश्न विचारणारे थोडे निघाले. पदार्थाकडे पाहावयाचें, घराकडे पाहावयाचें नाहीं, ही खोड जुनी आहे. ती पुढेंही आपल्याला भेटणार आहे.

अमेरिकेंत १९१४ च्या हॅरिसन कायद्यानें अफू, मॉर्फीन आणि कोकेन यांच्या विक्रीवर सरकारचें नियंत्रण आलें. ज्यांना संवय जडली होती त्यांचें काय करावें, म्हणून १९१९ च्या सुमारास चाळीसएक शहरांतून दवाखाने उघडण्यांत आले. व्यसनी मनुष्यानें यावें, ठरलेली मात्रा घ्यावी आणि जावें. बाह्यरुग्ण उपचाराचा हा अमेरिकेंतील पहिला मोठा प्रयोग. त्यांत कांहीं दवाखाने नीट चालले, कांहीं बाजारासारखे चालले. न्यूयॉर्कचा दवाखाना वर्षभरांतच बंद पडला, आणि १९२३ पर्यंत सरकारी खात्यानें उरलेलेही मोडून काढले. या प्रयोगाचा एक परिणाम दीर्घकाळ टिकला. 'येऊन-जाऊन उपचार' म्हणजे ढिलाई, असें समीकरण लोकांच्या आणि डॉक्टरांच्या मनांत बसलें. खरा उपचार म्हटला कीं भिंत हवी. १९३५ मध्यें केंटकी संस्थानांतील लेक्सिंग्टन येथें सरकारनें भिंत आणि शेत दोन्ही असलेली एक प्रचंड संस्था उघडली. तेथें कैदी होते तसे स्वतः होऊन आलेले रोगीही होते. ते गाई राखीत, शेतांत काम करीत, आणि सुटून गेल्यावर त्यांतील बहुतेक पुन्हां व्यसनाकडे वळत.

दुसऱ्या महायुद्धांत हेरॉइनची आयात जवळजवळ तुटली होती. युद्ध संपल्यावर ती पुन्हां सुरू झाली, आणि या खेपेस ती हार्लेम आणि दक्षिण ब्रॉन्क्स येथील शाळकरी मुलांपर्यंत पोंचली. तीं घरें बहुतेक नीग्रो आणि पोर्तो रिकोहून आलेल्या लोकांचीं. १९५१ मध्यें न्यूयॉर्क संस्थानाच्या सरकारी वकिलानें उघड चौकशी केली, तींत मुलांच्या ध्वनिमुद्रित जबान्या ऐकविण्यांत आल्या. शहर हादरलें. हादरलेलें शहर नेहमीं करतें तेंच त्यानें केलें, रिकामें बेट शोधलें.

रिव्हरसाइडची निंदा करणें सोपें आहे, म्हणून आधीं तिच्या बाजूनें दोन शब्द बोलतों. हा तुरुंग नव्हता. तेथें डॉक्टर होते, मानसशास्त्रज्ञ होते, समाजसेवक होते. बेटावर मुलांसाठीं रीतसर शाळा होती. मूल बाहेर पडल्यावर त्याला भेटण्यासाठीं शहरांत एक दवाखानाही ठेवला होता. त्या काळीं इतक्या लहान वयाच्या व्यसनी मुलांचा इतका विचार दुसऱ्या कोणत्याही शहरानें केलेला मला आढळला नाहीं. पुष्कळ मुलें न्यायालयाच्या हुकुमानें येत, पण दंडुक्याऐवजीं औषध द्यावें ही इच्छा प्रामाणिक होती.

मग कोलंबिया विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य शाळेनें, डॉ. रे ट्रसेल यांच्या नेतृत्वाखालीं, १९५५ मध्यें दाखल झालेल्या २४७ मुलांचा माग काढला. कांहीं वर्षांनंतर यांतील किती मुलें व्यसनापासून दूर होतीं? आठ. आणि या आठांकडे जाऊन चौकशी केली तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं आम्ही कधींच व्यसनी नव्हतों. जवळ पुडी सांपडली म्हणून आम्हांस धरून येथें पाठविलें होतें.

मी या अहवालाची हकीकत प्रथम वाचली तेव्हां पुस्तक मिटून ठेविलें. २४७ पैकीं कोणीही नाहीं. त्यांतलीं कांहीं मुलें तर तोंवर मेलींही होतीं. ट्रसेल स्वतः १९६१ मध्यें शहराच्या रुग्णालयांचे आयुक्त झाले, आणि १९६३ मध्यें रिव्हरसाइड बंद झालें. बेटावरील वैद्यांचा हात कोठें कमी पडला? मला वाटतें, बेटावर नव्हे. बेटावर असेपर्यंत पुष्कळ मुलें सुधारत. त्यांचें वजन वाढे, तीं शाळेंत बसत. नंतर एके दिवशीं तीं नावेंत बसून परत जात, तों घर होतें तसेंच असे. मुलगा बेटावर असतांना तेथें कोणी गेलें नव्हतें. बापाशीं कोणी बोललें नव्हतें. आईला, मूल चोरी करूं लागलें तर काय करावें आणि काय करूं नये, हें कोणी सांगितलें नव्हतें. मूल दुरुस्त करून पाठवावयाचें, घड्याळ पाठवावें तसें, अशी ती कल्पना होती.

या अपयशांतून दोन निरनिराळे धडे घेतले गेले. बहुतेकांनीं घेतलेला धडा असा, कीं मुदत कमी पडली. कॅलिफोर्नियानें १९६१ मध्यें आणि न्यूयॉर्कनें १९६६ मध्यें व्यसनी माणसांना सक्तीनें, वर्षानुवर्षें डांबून ठेवण्याचे कायदे केले. न्यूयॉर्कनें त्यापायीं अतोनात पैसा ओतला आणि पुढच्या दशकांत तो सारा खटाटोप गुंडाळला. प्रौढांसाठीं मॅथडोन हें औषध १९६५ च्या सुमारास आलें आणि त्यांच्यापुरता बाह्यरुग्ण उपचार परत आला. पण अठरा वर्षांखालील मुलांना तें देण्यावर कडक बंधनें घातलीं होतीं. मुलांचा प्रश्न होता तेथेंच राहिला.

दुसरा धडा हडसन नदीच्या कांठीं, न्यूयॉर्कपासून बरेंच उत्तरेस असलेल्या वाइल्टविक नांवाच्या शाळेंत घेतला गेला. हीं मुलें व्यसनी नव्हतीं, हें प्रथमच सांगतों. हार्लेममधून चोरी-मारामारीपायीं न्यायालयानें पाठविलेलीं तीं आठदहा-बारा वर्षांचीं पोरें होतीं. तेथें साल्व्हादोर मिनुशिन नांवाचे एक मनोवैद्य काम करीत. जन्म १९२१, अर्जेंटिनांतील ज्यू कुटुंबांत. १९४८ च्या युद्धांत इस्राएलांत त्यांनीं डॉक्टर म्हणून काम केलें होतें. रिव्हरसाइडच्या वैद्यांना जें दिसलें तेंच त्यांनाही दिसलें. मूल शाळेंत सुधारतें, घरीं जातें, बिघडून परत येतें. फरक इतकाच, कीं यावरून मुलाला आणखी वर्षभर ठेवून घ्यावें असें त्यांना वाटलें नाहीं. त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या मुलांच्या घरच्या मंडळींना एकत्र बोलावण्यास प्रारंभ केला. या कामावरचें त्यांचें पुस्तक १९६७ मध्यें निघालें. तोंवर, १९६५ मध्यें, ते फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन दवाखान्याचे संचालक होऊन गेले होते.

या दवाखान्याची एक खोली श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावी. एका भिंतींत मोठी कांच बसविली आहे. पलीकडून आंतलें दिसतें, आंतून पलीकडचें दिसत नाहीं. पलीकडे शिकाऊ मंडळी बसलीं आहेत. आंत खुर्च्या मांडल्या आहेत, कोणीं कोठें बसावें तें सांगितलेलें नाहीं. आई मुलाजवळ बसते. बाप दाराजवळची खुर्ची घेतो. आजी दोघांच्या मध्यें. उपचारक मुलाला विचारतो, "तुझें शाळेंत कसें चाललें आहे?" उत्तर आई देते. बापाला विचारतो, "तुम्हांला काय वाटतें?" बाप आईकडे पाहतो. इतक्या वेळांत उपचारकाला जें पाहिजे होतें तें अर्धें मिळालेलें असतें. येथें मुलगा हा आईचा मंत्री झाला आहे आणि बाप घरांतला पाहुणा. मग तो आईला म्हणतो, तुम्ही खुर्ची उचलून यजमानांजवळ बसा, आणि उद्यां मुलगा रात्रीं उशिरा आला तर काय करावयाचें तें तुम्ही दोघें एकमेकांशीं बोलून ठरवा. माझ्याशीं नव्हे, त्याच्याशींही नव्हे. पांच मिनिटें अवघड शांतता. कधीं कधीं पंधरा वर्षांत प्रथमच तीं दोघें एकमेकांशीं अशा विषयावर बोलत असतात.

मिनुशिन यांच्या पद्धतीचें मर्म मला दिसतें तें असें. घराला एक ठेवण असते. आईबाप एका ओळींत, मुलें दुसऱ्या ओळींत, आणि दोहोंमध्यें एक रेघ. ती रेघ दगडी भिंतीसारखी झाली तर मूल एकटें पडतें. पुसून गेली तर मुलाला मूल राहतांच येत नाहीं. व्यसन ही त्या मुलाची खोडी असते हें खरें, पण पुष्कळ घरांत तिला एक कामही मिळालेलें असतें. जोंवर पोराची काळजी आहे तोंवर नवराबायकोचें आपसांतलें भांडण बाजूस राहतें. मूल बरें होऊं लागलें कीं तें भांडण वर येतें, आणि मग, कोणीही ठरविलेलें नसतां, मूल पुन्हां घसरतें. ही गोष्ट त्यांनीं प्रबंध लिहून सिद्ध केली यापेक्षां ती त्यांनीं खुर्च्या हलवून दाखविली, हें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. आणखी एक केलें. त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच गरीब वस्तींतल्या, पदवी नसलेल्या स्त्रीपुरुषांना निवडून हें काम शिकविलें. विद्यापीठांतील कांहीं मंडळींना तें रुचलें नाहीं, हें सांगावयास नको.

येथें आयांच्या वतीनें एक तक्रार नोंदविली पाहिजे. घराकडे पाहणारे मिनुशिन हे पहिले नव्हत. त्यांच्याआधींही न्यूयॉर्कच्या व्यसनी मुलांच्या घरांचा अभ्यास झाला होता. १९६४ मध्यें निघालेला 'द रोड टू एच' हा ग्रंथ त्याच अभ्यासाचा. पण त्या पिढीच्या मनोवैद्यकाची नजर पुष्कळदां फिर्यादी वकिलाची होती. बाप गैरहजर, आई एक तर फार लाडावणारी किंवा फार कठोर; कशीही असली तरी गुन्हेगार तीच. दवाखान्यांत बोलावलें म्हणजे आपल्यावर खटला भरला, असें आईबापांना वाटलें तर त्यांत त्यांचा दोष काय? घर हें कारण आहे, आणि घर हें साधन आहे, या दोन वाक्यांत फार अंतर आहे. दुसऱ्या वाक्यापर्यंत येण्यास वेळ लागला, आणि कांहीं दवाखाने अद्याप आलेले नाहींत.

त्याच फिलाडेल्फियांत स्टॅंटन आणि टॉड या दोघांनीं हेरॉइनच्या आहारीं गेलेल्या तरुण माजी सैनिकांवर ही पद्धति योजून पाहिली. त्यांचा ग्रंथ १९८२ चा. हे लोक घरदार सोडून गटारांत पडलेले असतात असा समज होता. चौकशी केली तर निघालें कीं बहुसंख्य लोक आईला रोज किंवा दर आठवड्यास भेटत होते. वीस-पंचवीस वर्षांच्या पुरुषांची ही स्थिति, तर पंधरा वर्षांच्या पोराची काय सांगावी.

हें भाषण लिहीत असतां एका स्नेह्यांना यांतला कांहीं भाग वाचून दाखविला. ते म्हणाले, "अहो, हें सारें ठीक आहे. पण पोरगा दवाखान्याची पायरीच चढायला तयार नसेल तर?" त्यांनीं तें ज्या स्वरांत विचारलें त्यावरून मी पुढें कांहीं विचारलें नाहीं. उत्तर मात्र द्यावयास हवें, आणि तें मायामींत मिळतें.

१९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबांतून लाखों लोक फ्लॉरिडांत आले. आईबाप स्पॅनिश बोलत, जुन्या रीतीनें वागत. मुलें शाळेंत दोन वर्षांत अमेरिकन होऊन जात. १९७० नंतर या घरांतलीं मुलें मादक पदार्थांकडे वळलेलीं दिसूं लागलीं. मायामी विद्यापीठांत याच समाजासाठीं एक कुटुंब-मार्गदर्शन केंद्र होतें, आणि तेथें होझे शापोच्निक हे मानसशास्त्रज्ञ काम करीत; ते स्वतः क्यूबांतूनच आलेले. प्रत्येक पिढींत बापलेकांचें पटत नाहीं. परंतु येथें त्या अंतरावर दुसरें एक अंतर चढलें होतें, भाषेचें आणि रीतीभातीचें. मुलगा जितका अमेरिकन होई तितका बाप जुन्या शिस्तीचा चाबूक आवळी, आणि बाप जितका आवळी तितका मुलगा दूर पळे. ज्यांचीं नातवंडें आज न्यू जर्सींत किंवा टोरांटोंत वाढत आहेत अशा श्रोत्यांना यावर टीप देण्याची गरज नाहीं. शापोच्निक यांनीं या घरांसाठीं मिनुशिन यांची पद्धति थोडक्यांत बसविली. बारा-पंधरा बैठकी, अधिक नाहींत.

पण घरें येईनात. आई दूरध्वनि करी, वेळ ठरे, आणि त्या दिवशीं कोणी फिरकत नसे. चालू रीत अशी कीं जो येत नाहीं त्याला 'तयारी नाहीं' म्हणून वहींतून खोडावें. शापोच्निक यांनीं विचार फिरविला. ज्या घरांत मुलगा आपल्या मर्जीनें सर्वांना नाचवितो तेथें मुलानें दवाखान्यांत येण्याचें नाकारणें हाच तर तो रोग. मग उपचार दवाखान्यांत आल्यावर कसा सुरू व्हावा? तो आईच्या पहिल्या दूरध्वनीपासूनच सुरू झाला पाहिजे. उपचारक तेव्हांच विचारी: घरांत शब्द कोणाचा चालतो? न येणारा कोण, मुलगा कीं बाप? पुष्कळदां न येणारा बाप असे. आईनें आपल्याला चोरून डॉक्टरशीं संधान बांधलें म्हणून तो रुसलेला असे. मग उपचारक आईची परवानगी घेऊन बापाला भेटे. गरज पडल्यास घरीं जाई, मुलाला त्याच्या खोलींत जाऊन विचारी, तुला या घरांत काय बदललेलें पाहिजे आहे? असा प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारलेला नसे.

१९८८ मध्यें या कामाचा हिशेब प्रसिद्ध झाला. १०८ कुटुंबांचे दोन गट केले होते. नेहमींच्या रीतीनें बोलाविलेल्या गटांतलीं शेंकडा ४२ कुटुंबें आलीं. या नव्या रीतीनें शेंकडा ९३. शेवटपर्यंत टिकलेलीं कुटुंबें पहिल्या गटांत शेंकडा २५, दुसऱ्यांत ७७. याच मंडळींनीं त्याआधीं आणखी एक गोष्ट दाखविली होती: घरांतलें एकच माणूस आलें तरी त्याच्या वागण्यांतून साऱ्या घराची ठेवण हलविणें शक्य असतें. माझ्या स्नेह्यांना मी हेंच सांगितलें, कीं तो येत नसेल तर प्रथम तुम्ही जा.

आतां या इतिहासाची एक काळी बाजू. १९७६ मध्यें फ्लॉरिडांतील सेंट पीटर्सबर्ग येथें 'स्ट्रेट' नांवाची संस्था निघाली. कागदोपत्रीं पाहिलें तर ती आजच्या विषयाचा आदर्शच: मुलें दिवसा केंद्रांत, रात्रीं घरांत, आणि पालकांचा सहभाग सक्तीचा. अध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन तेथें १९८२ मध्यें गेल्या, आणि १९८५ मध्यें राजकन्या डायानांसह त्यांनीं तिच्या दुसऱ्या केंद्राला भेट दिली. प्रत्यक्षांत तें 'घर' सुरवातीला दुसऱ्याच मुलाचें असे, जेथें रात्रीं त्याला कोंडीत. दिवसभर मुलांना कबुलीजबाबासाठीं घेरून ओरडत. आईबापांना सांगितलें जाई कीं मुलाच्या तक्रारीवर विश्वास ठेवूं नका, ती व्यसनाची भाषा आहे. १९८३ मध्यें एका तरुणानें आपल्याला बेकायदा कोंडून ठेविल्याचा दावा जिंकला. अशाच खटल्यांच्या आणि चौकशांच्या भारानें १९९३ मध्यें संस्था बंद पडली. आईबाप दुष्ट होते असें नाहीं. ते घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाला कोणी खात्रीनें बोलणारा भेटला कीं तो त्याच्या हातीं सारें सोंपवितो. 'कुटुंबाचा सहभाग' हे दोन शब्द पाटीवर दिसले म्हणून निर्धास्त होऊं नये. सहभाग मुलाशीं बोलण्यासाठीं आहे कीं मुलाविरुद्ध साक्षीसाठीं, हें पाहावें.

आणि चांगल्या पद्धतींचेंही मोजमाप नीट व्हावयास हवें होतें. तें १९९८ च्या सुमारास अमेरिकन सरकारच्या खर्चानें झालें. चार ठिकाणच्या ६०० मुलांवर, मुख्यतः गांजा ओढणाऱ्या, पांच निरनिराळे बाह्यरुग्ण उपचार करून पाहिले. कांहींत केवळ मुलाशीं बोलणें, कांहींत पालकांच्या सभा आणि घरभेटी, एकांत हॉवर्ड लिडल यांची बहुअंगी कुटुंबपद्धति. निकाल २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. पांचही उपचारांनीं व्यसन कमी झालें, आणि त्यांच्यांतला फरक फार मोठा निघाला नाहीं. वर्षाअखेर साधारण चौथा हिस्सा मुलें व्यसनांतून आणि त्याच्या त्रासांतून मोकळीं होतीं.

चौथा हिस्सा. ज्यांनीं कुटुंबपद्धतीचा झेंडा खांद्यावर घेतला होता त्यांना हा आंकडा झोंबला असेल. पण मला त्याच्याशेजारीं रिव्हरसाइडचे ते आठ दिसतात, जे खरे म्हणजे शून्य होते. तुलना अगदीं सरळ नाहीं हें मान्य, कारण गांजा म्हणजे हेरॉइन नव्हे. अफूच्या जातीच्या पदार्थांत सांपडलेल्या मुलाला नुसतें बोलणें पुरत नाहीं, औषधही द्यावें लागतें. २०१६ मध्यें अमेरिकेच्या बालवैद्यांच्या संस्थेनें तसें स्पष्ट सांगितलें. लिडल यांच्या पद्धतीची पुढें युरोपांतही, बर्लिन-पॅरिससह पांच शहरांतून, ४५० मुलांवर परीक्षा झाली, आणि ज्या मुलांचें व्यसन अधिक जड होतें त्यांच्यांत तिचा गुण अधिक दिसला.

आपल्याकडे ही लाट १९८० नंतर आली. मुंबई-पुण्याच्या मुलांत ब्राउन शुगर शिरली, तिला मराठींत 'गर्द' हें नांव रूढ झालें, आणि डॉ. अनिल अवचट यांनीं तिच्यावर लिहिलें तें वाचून अनेक घरांना प्रथम कळलें कीं आपल्या मुलाच्या कोटाच्या खिशांतल्या चांदीच्या कागदाचा अर्थ काय. १९८६ मध्यें पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें, डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनीं मुक्तांगण हें केंद्र सुरू केलें. तेथें रोगी कांहीं आठवडे राहतो, म्हणजे तो शुद्ध बाह्यरुग्ण उपचार नव्हे. पण बायकांच्या आणि आईबापांच्या सभा, आणि घरीं गेल्यावर गांवोगांवीं होणाऱ्या पाठपुराव्याच्या बैठकी, हा त्या कामाचा पहिल्यापासूनचा भाग आहे. डॉ. सुनंदा १९९७ मध्यें वारल्या, अनिल अवचट २०२२ मध्यें. केंद्र चालू आहे.

आपल्या घरांविषयीं आपण म्हणतों कीं आपल्याकडे कुटुंब शाबूत आहे. तें बरेंचसें खरें आहे. चुलता आहे, मामा आहे, आजी आहे. दवाखान्यांत नेण्यास माणसें भरपूर. अडचण निराळी येते. मुलाचें व्यसन सर्वांना ठाऊक असतें आणि कोणीच तें बोलत नाहीं. आई पैसे देते नि बापापासून लपविते, बाप शेजाऱ्यांपासून लपवितो, आणि लग्नाची बहीण घरांत असली तर सारें घर मिळून जगापासून लपवितें. आपल्या घरीं खुर्च्या हलविण्याच्या आधीं दार उघडावें लागतें.

२०१९ मध्यें केंद्रसरकारच्या वतीनें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें देशांतील व्यसनांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत एका पदार्थाबाबत मुलांचें प्रमाण मोठ्यांहून अधिक निघालें: हुंगण्याचे द्रव, म्हणजे शाईखोडणी, पंक्चरचा डिंक यांसारखे. अशा सुमारें ४ लाख ६० हजार मुलांना मदतीची गरज आहे असा तिचा अंदाज आहे. यांतलीं पुष्कळ शाळेंत जातात, घरीं राहतात. त्यांच्यासाठीं वर सांगितलेली वाट आहे. पण कांहीं मुलें रेल्वेच्या फलाटावर राहतात. तीं घरून पळालीं, तीं बहुधा घरांतल्याच कोणाच्या दारूपायीं आणि मारापायीं. मायामीच्या पद्धतीप्रमाणें उपचारक त्यांच्याकडे गेला आणि त्यानें विचारलें, तुझ्या घरांत कोणाचा शब्द चालतो, तर तें मूल बरोबरच्या दोघातिघा पोरांकडे बोट दाखवील. या मुलांसोबत काम करणारे लोक आतां त्याच पोरांना बोलावून एकत्र बसवितात, आणि जेथें शक्य आहे तेथें गांवचा पत्ता शोधून एखाद्या मावशीला किंवा थोरल्या भावाला पत्र घालतात. कधीं उत्तर येतें.